वापसा

भोकरच्या बाजारपेठेत आबांचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. भिंतीवर संत सेना महाराजांची तसबीर, तिच्याखाली खिळ्याला टांगलेली वडलांची जुनी धोकटी. तिच्यातला वस्तरा कधीच मागे पडला होता. आता प्रत्येकाला नवं अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा आला होता. आबांची एक रीत मात्र बदलली नव्हती. गिऱ्हाईक बसलं की धुतलेला पंचा गरम पाण्यात पिळून त्याच्या गालांवर ठेवायचा आणि पाऊसपाण्याच्या गोष्टी काढायच्या. दोन-तीन मिनिटं वस्तऱ्याला हात लावायचा नाही.

नांदेडच्या सलूनमध्ये वर्षभर राहून आलेल्या नातवाला हे पटेना.

"आबा, तुमच्या एका दाढीत माझ्या दोन होतात."

"कर की," आबा म्हणाले. "उद्या बाजार हाय. मी उमरीला सोयऱ्याकडं चाललो. दुकान तुझं."

बाजाराच्या दिवशी नातवाचा हात वाऱ्यासारखा चालला. फेस लावला न लावला, की वस्तरा गालावर. हनुवटीखाली थेट उलटा हात, म्हणजे एका फेरीत गुळगुळीत. ब्लेड त्यानं दरवेळी नवं घेतलं. एकाच्या रक्तानं दुसऱ्याला कावीळ, एड्स नको, एवढं तो पक्कं शिकला होता. संध्याकाळी गल्ला मोजताना तो खूश होता.

तिसऱ्या दिवशी आबा परतले होते, तेव्हा एक शेतकरी दुकानात आला. गळ्यावर लाल पुळ्या उठल्या होत्या.

"घाम लागला की मिरची चोळल्यावानी होतंय," तो म्हणाला.

"काका, ब्लेड नवंकोरं होतं," नातू घाईनं बोलला.

"धारेला कोण नावं ठेवायलंय? मला एक सांग. मिरगाचा पाऊस पडायच्या आधी काळ्या रानात पेरणी करतात का?"

"छे! कोरड्यात कसं पेरणार? पाऊस पडून वापसा यावा लागतो."

"मग माझ्या गालावर वापसा यायच्या आधी तिफण का घातलीस, लेकरा?"

आबा हसले नाहीत. त्यांनी शेतकऱ्याचा गळा उजेडाकडं वळवून पाहिला. "आज वस्तरा लावायचा न्हाई. चार दिवस पुळ्या बसू द्या, खाजवू नका. मग या, पैसे नकोत."

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी नातवालाच खुर्चीत बसवलं. गरम पंचा ठेवला. "केस पाणी पितो अन् मऊ पडतो. मग त्याला कापायला जोर लागत न्हाई." ब्रशनं साबणाचा दाट फेस केला. नातवाचा हात धरून त्याचंच बोट त्याच्या गळ्यावर फिरवलं. "कुठं खरखरतंय? तिकडून उलटं. गालावर केस खाली वाढतो, गळ्यावर कुठं आडवा, कुठं वर. ज्याचं रान त्यानं ओळखावं. उलटा हात मारला की केस कातडीखाली तुटतो, वाढताना आतच वळतो, अन् पुळी येते."

कातडी हलकीच ताणून त्यांनी वस्तरा केसाच्या कलानं फिरवला. दाब दिला नाही. राहिलेल्या जागी पुन्हा फेस, मगच दुसरा हात. शेवटी गार पाणी आणि तुरटीचा खडा.

नातवानं आरशात पाहिलं. गळा झोंबत नव्हता.

"कळलं का, सेना महाराजांची तसबीर इथं कशाला लावलीय?" आबांनी विचारलं. "देव त्यांच्या रूपात हजामतीला गेला म्हणतात. देवानंसुद्धा आपली धोकटी खांद्याला घेतली. मग आपण तीन मिनिटं उरकून कुठं पळायचं?"

पुढच्या बाजाराला रांग लांब होती. नातवानं पहिल्या गिऱ्हाइकाच्या गालावर पंचा ठेवला आणि विचारलं, "काका, औंदा सोयाबीन कसं हाय?"

तात्पर्य: धार कितीही चांगली असो, वापसा आल्याशिवाय हात घालू नये. घाईत वाचवलेली तीन मिनिटं दुसऱ्याच्या अंगावर चार दिवस झोंबतात.