ओट्यावर कुणी बसायचं?

खानदेशात 'पोरगं सुरतला असतं' एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. धुळे, नंदुरबार, जळगावकडच्या कितीतरी गावांची सोयरीक आता लिंबायत, उधना, डिंडोलीत आहे. तेव्हा सुरतेच्या गर्दीबद्दल बोलणं म्हणजे आपल्याच माणसांबद्दल बोलणं.

सुरतेच्या जुन्या कोटातल्या भागळ, चौक बाजार, महिधरपुरा इथल्या जुन्या रहिवाशाची तक्रार ठरलेली: वस्ती फार वाढली, आता राहण्यात राम नाही. त्रास खरा, कारण चुकीचं. १९६१ साली २ लाख ८८ हजारांचं हे शहर २०११च्या जनगणनेत ४४ लाख ६७ हजारांवर गेलं, पण वाढ झाली ती कोटाबाहेर. आतला मध्य विभाग २००१मध्ये चार लाखांच्या आसपास होता, दहा वर्षांनीही तिथेच. जुनी सुरती कुटुंबं तापीपलीकडे अडाजणला, नाहीतर वेसूकडे गेली. त्यांच्या घरांत खाली दुकानं आली, वर गोदामं. म्हणजे भागळात वाढली ती सकाळी येऊन रात्री परतणारी माणसं. त्यातच मेट्रोच्या भुयारी कामासाठी रस्ते अडवले गेले.

या माणसांना आपण गर्दी म्हणतो. रिंग रोडच्या कापड बाजारात साड्यांचं गाठोडं पाठीवर घेऊन वाट काढणारा हमाल आपल्याला धडकला की गर्दी. माल वेळेवर पोचला की तो कुणीच नाही.

जुन्या सुरती घराला रस्त्याकडे ओटा असे. घर मालकाचं, पण ओट्यावर वाटसरू टेकला तर त्याला कुणी उठवत नसे. दुपारी तिथेच बायका भाजी निवडत बसत. आता कुठे ओट्याला जाळी आली, कुठे तेवढीच जागा मोबाइलच्या टपरीला भाड्याने गेली. मालकाला तरी काय बोलणार? दिवसभर दारात येणारे-जाणारे थुंकणार असतील तर जाळी कोण लावणार नाही! पण एकेका घराने काढून घेतलेली ती हातभर जागा शहराने भरून द्यायला हवी होती: थोडी सावली, प्यायला पाणी, बाईमाणसाला बिनघोर जाता येईल असं स्वच्छतागृह.

जमणार नाही, असं सुरतेने तरी म्हणू नये. १९९४च्या प्लेगनंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात याच शहराने दोनेक वर्षांत आपला कायापालट केला. तेव्हा मजुराच्या वस्तीतली घाण शेठच्या बंगल्यापर्यंत पोचते, हे प्रत्येकाला पटलं होतं. भीतीने पटलं होतं, एवढंच. हमालाला बसायला जागा नाही याची शेठला भीती वाटत नाही, म्हणून ते काम मागे पडतं.

आणि माणसांना गर्दी समजणं हे फक्त शेठलोकांचं नाही. ओडिशातल्या गंजामहून आलेली यंत्रमागावरची पोरं मेसमध्ये राहतात. पाळी बारा तासांची, बिछाना दोघांत एक. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला आडवा होतो. बायकापोरं गावी. २०११च्या जनगणनेत शहरात हजार पुरुषांमागे बायका साडेसातशेच्या आसपास होत्या, त्या बऱ्याच अंशी यामुळे. या पोरांविषयी 'बाहेरून येऊन यांनी गाव बिघडवलं' असं लिंबायतमधली आपली माणसंही बोलतात. या लिंबायतवाल्यांच्या बापांबद्दल भागळातले लोक हेच बोलत होते.