अश्रू पुसणारे लोक



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय 18:21-35) पेत्र प्रभूला विचारतो की, माझ्या भावाने माझा अपराध केला तर मी त्याला किती वेळा क्षमा करावी? सात वेळा पुरे का? प्रभू येशूने दिलेले उत्तर आपल्या सर्वांना पाठ आहे. पण तोच प्रश्न आपण थोडा पुढे नेऊ या. अपराध एका बलाढ्य राष्ट्राने एका लहान समाजाचा केला असेल तर? आणि त्या अपराधात ख्रिस्ताचे नाव सांगणाऱ्यांचाही वाटा असेल तर?

अमेरिकेतील साउथ डकोटा राज्याच्या गवताळ मैदानी प्रदेशात लाकोटा नावाचे आदिवासी लोक राहतात. एके काळी रानगव्यांच्या कळपांमागे घोड्यावरून फिरणारा हा स्वाभिमानी समाज. 1868 साली अमेरिकन सरकारने त्यांच्याशी करार केला आणि 'ब्लॅक हिल्स' हे त्यांचे पवित्र डोंगर त्यांचेच राहतील, असे वचन दिले. 1874 साली त्या डोंगरांत सोने सापडले आणि तीन वर्षांत वचन मोडले गेले! पुढे 29 डिसेंबर 1890 रोजी वुंडेड नी या ओढ्याकाठी सैनिकांनी लाकोटांच्या एका तांड्याला वेढले. त्यांची शस्त्रे काढून घेतली जात असतानाच गोळीबार सुरू झाला. अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत कितीतरी स्त्रिया आणि मुले होती. जखमींना जवळच्या पाइन रिज येथील चर्चमध्ये आणून गवतावर निजवले, तेव्हा नाताळची सजावट अजून उतरवलेली नव्हती. शांतिराजाच्या जन्माचा तो आठवडा होता.

त्या दिवशी ब्लॅक एल्क नावाचा एक तरुण वैदू आपल्या लोकांना वाचवण्यासाठी घोड्यावरून तेथे धावला होता. प्रेतांचा तो खच त्याने डोळ्यांनी पाहिला. गोऱ्या माणसाचा आणि त्याच्या देवाचा कायमचा द्वेष करायला त्याला पुरेसे कारण होते. पण 6 डिसेंबर 1904 रोजी, संत निकोलसच्या सणादिवशी, त्याने बाप्तिस्मा स्वीकारला आणि निकोलस हे नाव घेतले. मग तो धर्मशिक्षक झाला. वस्त्या-वस्त्यांतून फिरत, आपल्याच भाषेत त्याने प्रभूची सुवार्ता सांगितली. चारशेहून अधिक लोक त्याच्यामुळे बाप्तिस्म्याला आले, असे सांगितले जाते. तरीही आपण लाकोटा आहोत याची त्याला कधी लाज वाटली नाही. म्हातारपणी त्याने आपल्या समाजाच्या प्रार्थना आणि विधी सांगून लिहून घेतले. 1931 साली एका कवीला त्याने आपली जीवनकथा सांगितली, तेव्हा दुभाषी म्हणून त्याचा मुलगाच शेजारी बसला होता. बापाचा वारसा मुलाच्या मुखातून पुढे गेला! 1950 साली ब्लॅक एल्क देवाघरी गेला. 2017 साली त्याच्या संतपदाच्या प्रक्रियेस सुरुवात झाली आणि आज ख्रिस्तसभा त्याला 'देवाचा सेवक' म्हणते.

प्रिय भाविकांनो, आता एक कटू गोष्ट. लाकोटा मुलांना घरापासून दूर वसतिगृहांत नेले गेले. तेथे त्यांचे केस कापले, नावे बदलली, मातृभाषा बोलण्यास मनाई केली. काही शाळा सरकारी होत्या, तर काही आपल्या कॅथलिक मिशनच्या. मुले आजीशी बोलेनाशी झाली, कारण आजीची भाषाच त्यांच्याजवळ उरली नाही. आजच्या दाखल्यातील दोन सेवकांकडे आपण पाहतो, तेव्हा मनातल्या मनात क्षमा करणाऱ्याच्या जागी उभे राहतो. येथे मात्र ख्रिस्तसभा ऋणकोच्या जागी उभी आहे. म्हणूनच दिवंगत पोप फ्रान्सिस 25 जुलै 2022 रोजी कॅनडातील मास्क्वासिस येथे आदिवासींसमोर गेले आणि तशाच शाळांबद्दल त्यांनी क्षमा मागितली. जून 2024 मध्ये अमेरिकेच्या बिशपांनीही आपल्या देशातील आदिवासींची माफी मागितली. क्षमा मागणे हे आपले काम आहे. ती कधी द्यायची, हे दुखावलेल्यानेच ठरवायचे असते. 'झाले गेले विसरा' असे म्हणण्याचा अधिकार अपराध्याला नाही.

मग लाकोटांनी काय केले? 1986 साली काही लोकांनी ठरवले की, वुंडेड नी येथे मारल्या गेलेल्या पूर्वजांच्या वाटेने डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत घोड्यावरून प्रवास करायचा. अशी यात्रा त्यांनी सलग पाच वर्षे केली. 1990 साली, हत्याकांडाला शंभर वर्षे झाली तेव्हा, त्यांनी आपला 'अश्रू पुसण्याचा' विधी केला. शोकाला त्यांनी वाट करून दिली, पण शोकात बुडून राहायचे नाही असेही ठरवले. त्यानंतर ही यात्रा येणाऱ्या पिढ्यांच्या नावाने चालू राहिली. आता त्या घोड्यांवर मुले-मुली बसतात आणि वडीलधारी माणसे त्यांना इतिहास सांगतात.

कोणी म्हणेल, क्षमा केली म्हणजे हक्क सोडला. तसे नाही. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने ब्लॅक हिल्सच्या बदल्यात दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. गरिबीत दिवस काढणाऱ्या या लोकांनी ती रक्कम आजतागायत घेतलेली नाही. पवित्र भूमी विकाऊ नाही, असे ते म्हणतात. द्वेष सोडला, तरी सत्य सोडले नाही.

आणि नवी पिढी? पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे 1879 साली सुरू झालेल्या सरकारी शाळेत अनेक आदिवासी मुले मरण पावली व तेथेच पुरली गेली. 2015 साली रोझबड या लाकोटा वस्तीतील काही तरुण ती दफनभूमी पाहायला गेले. आपल्या मुलांना आपण घरी का नेत नाही, असा प्रश्न त्यांनी वडीलधाऱ्यांना केला. सहा वर्षे पाठपुरावा झाला आणि जुलै 2021 मध्ये नऊ मुलांचे अवशेष सन्मानाने मायदेशी आले. ज्यांना वारसा द्यायचा, त्या तरुणांनीच पूर्वजांना घरी आणले!

बंधू-भगिनींनो, आपण आपल्या मुलांच्या हाती काय देतो? संत पौल तिमथीला त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण करून देतो (2 तिमथी 1:5). काही घरांत मात्र नातवंडांना आजोबांची प्रार्थना ठाऊक नसते, पण कोणत्या चुलत्याने बांध सरकवला हे पक्के ठाऊक असते. अन्याय झाला असेल तर तो जरूर सांगावा, लपवू नये. पण तो सांगताना आपला आवाज मुलांना काय शिकवतो, याचाही विचार करावा.

लाकोटा लोक प्रार्थनेत 'मिताकुये ओयासिन' म्हणतात. म्हणजे 'माझे सारे नातलग'. या आठवड्यात एका संध्याकाळी टीव्ही बंद ठेवून घरातील वडीलधाऱ्यांना मुलांजवळ बसवू या. आपल्या भाषेतील एक प्रार्थना आणि घराण्यातील एक खरी गोष्ट मुलांना सांगू या. आणि ज्या नातलगाचे नाव घेताना आपला आवाज चढतो, त्याच्यासाठी त्याच वेळी, मुलांच्या देखत, एक 'हे आमच्या बापा' म्हणू या.

सर्वांचे अश्रू पुसणारा परमेश्वर आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.