न विचारलेला प्रश्न

आजचा विचार एका जुन्या गाडीवरून.

इंग्लंडमधली उघड्या टपाची एमजीबी १९६२ ते १९८० या काळात बनत होती. १९७४ च्या शेवटी अमेरिकेतल्या नियमांमुळे तिला काळे रबरी बंपर आले, गाडी थोडी उंचही झाली. पण अनेकांना आधीची क्रोमवालीच आवडते. म्हणून काही मालक नंतरच्या गाडीलाही क्रोमचे बंपर बसवून घेतात. यात वाईट काही नाही.

पण विकताना? समजा, घेणाऱ्याला ती १९७० ची वाटतेय आणि तो खूश आहे. कागदांवर १९७७ आहे, त्याने नीट पाहिलेलं नाही. आपण खोटं बोललो नाही, फक्त गप्प बसलो. चालेल?

सिसरोने असाच वाद मांडलाय. एक तत्त्वज्ञ म्हणतो, कायद्याला लागतं तेवढं सांगावं. दुसरा म्हणतो, विकणाऱ्याला माहीत आहे ते घेणाऱ्यालाही कळायला हवं.

मला दुसऱ्याचं पटतं. कारण इथे जास्तीचे पैसे बंपरचे नसतात, समोरच्याच्या गैरसमजाचे असतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवतो, पुढचा माणूस फसू नये म्हणून. गाडीसोबतही तशी यादी द्यावी.

जे सांगताना जीभ अडखळते, तेच आधी सांगावं.