किंमत शेजारच्या चौकटीत

१९४८ साली वॉल्टर इव्हान्स या अमेरिकी अभियंत्याने रूट लोकसची पद्धत मांडली. फीडबॅकचा गेन वाढवत नेला की यंत्रणेच्या समीकरणाची मुळं, म्हणजे तिचे पोल, कोणत्या वाटांनी सरकतात हे ती कागदावर दाखवते. हे आलेख हाताने काढता यावेत म्हणून ‘स्पिरूल’ नावाचं प्लास्टिकचं साधनही त्यानेच बनवलं. आज सिसक्वेक या स्विस सॉफ्टवेअरमध्ये पोल माउसने धरून ओढता येतो, आणि हात सरकेल तसे बाकीचे आलेखही बदलत जातात.

कौतुक होतं ते या हलण्याचं. मला खरं मोल दिसतं ते आलेख एकाच वेळी समोर असण्यात. मोटरचा दांडा ठरावीक कोनापर्यंत फिरवायचा आहे असं समजा. पोल डावीकडे ओढला की दांडा झटकन जागेवर येतो. वर्गात एवढ्याच आलेखाची चौकट दाखवली, तर वेग फुकट मिळतो असं मुलं शिकून जातात. शेजारी व्होल्टेजचा आलेख असेल, तर तिथे त्याच क्षणी उभा सुळका चढतो. तिसऱ्या चौकटीत सेन्सरचा गोंगाट वाढलेला असतो. अभियंते हेंड्रिक बोडे यांनी १९४५ च्या ग्रंथात अशाच देवघेवीचं गणित मांडलं आहे. बाहेरचे धक्के एका वारंवारता-पट्ट्यात दाबले, की बहुतेक खऱ्या यंत्रणांत ते दुसऱ्या पट्ट्यात वाढतात. हे सूत्र फळ्यावर सिद्ध करता येतं, पण पटतं ते स्वतः पोल ओढताना. म्हणून कोणती चौकट कोणाशेजारी ठेवायची, हा निर्णय मी शिक्षकाचाच मानतो. तो सॉफ्टवेअरवर सोडता येत नाही.

शिवाय खऱ्या मोटरला व्होल्टेजची कमाल मर्यादा असते. या आलेखांमागच्या रेषीय गणिताला ती ठाऊकच नसते. मर्यादा गाठल्यावरही, चुकीनुसार व्होल्टेज ठरवणाऱ्या पीआयडी नियंत्रकातला इंटिग्रल भाग चूक साठवत राहतो, आणि मग दांडा ठरल्या जागेच्या पुढे जाऊन बराच वेळ परतत नाही. याला वाइंडअप म्हणतात. स्वीडनचे कार्ल योहान ऑस्ट्रम आणि त्यांच्या स्पॅनिश सहकाऱ्यांनी सिसक्वेकवर पीआयडी शिकवणारे पाठ तयार केले, तेव्हा त्यांतला एक अख्खा पाठ वाइंडअपलाच दिला. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. देखणा आलेख बिघडताना मुलांनी प्रयोगशाळेत मोटर हाती येण्याआधीच पाहायला हवा.