देव उठल्यानंतरचे घर

इंग्लंडच्या खेड्यांत आता अशी घरे बरीच आहेत: टोकदार कमानींच्या खिडक्या, मनोरा, भोवती शेवाळलेली थडगी, आणि दाराशी उभी मोटार. हे कालपरवापर्यंत गावचे चर्च होते. वेदीच्या जागी स्वयंपाकघर आले आहे, वर माळा घालून झोपायच्या खोल्या काढल्या आहेत. अँग्लिकन चर्चने १९६८ च्या नियमांनी याला रीतसर वाट करून दिली. माणसे येईनाशी झाली की चर्च बंद करायचे, लोकांच्या हरकती ऐकायच्या, मग त्या वास्तूला दुसरा उपयोग शोधायचा.

हे ऐकून मराठी माणसाला फार धक्का बसत नसावा. प्रतिष्ठापना असते तशी उत्तरपूजाही असते, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. दहा दिवस ज्याच्यापुढे हात जोडले, त्या गणपतीवर अक्षता टाकून त्याला जागचा किंचित हलवला की तो पुन्हा मातीचा. तरी ती माती आपण उकिरड्यावर फेकत नाही. निर्माल्य शिळे झालेले असते, पण त्यावर पाय पडू देत नाही. पवित्र आणि टाकाऊ यांच्या मधली ही एक अवस्था आहे, आणि चर्च विकत घेणारा त्या अवस्थेतच बिऱ्हाड मांडतो.

देवाचे एवढे तरी सोपे आहे. जमिनीखाली निजलेल्यांची उत्तरपूजा कशी करायची? म्हणून विक्रीच्या कागदपत्रांत थडग्यांना हात न लावण्याची, नातलगांना येऊ-जाऊ देण्याची अट घालतात. घर तुमचे, पण अंगणातल्या मृतांवर तुमची मालकी नाही.

ही गोष्ट लखनौमध्ये एका फ्रेंच माणसाने फार आधी ओळखली होती. (आपल्याला लखनौ म्हटले की भातखंडे आठवतात, आणि कैसरबागेतल्या परीखान्यात, वाजिद अली शाहाच्या जागेत, आज भरणारे त्यांचे संगीत विद्यालय. तीही बदललेली वास्तूच.) क्लॉड मार्टिन हा ल्योंमध्ये जन्मलेला, अवधमध्ये गबर झालेला सेनानी. गोमतीकाठी त्याने कॉन्स्टान्शिया नावाचा राजवाडा बांधायला घेतला आणि तो पुरा होण्याआधीच १८०० साली वारला. मृत्युपत्रात लिहिल्याप्रमाणे त्याला त्याच घराच्या तळघरात पुरले. आख्यायिका अशी की, कबर असलेले घर नवाब बळकावणार नाही, असा त्याचा हिशेब होता. चर्चचे घर होते तसे इथे घराचे थडगे झाले, आणि १८४५ पासून त्या थडग्यावर ला मार्टिनिएर ही शाळा भरते आहे.

पण मार्टिनचा हिशेब समोरच्याच्या भिडेवर अवलंबून होता. दिल्लीचा इंग्रज अधिकारी थॉमस मेटकाफ याला ती भीड नव्हती. १८४० च्या दशकात त्याने मेहरौलीतली मुहम्मद कुली खानाची कबर घेतली, तिला खोल्या जोडल्या, आणि घुमटाखालच्या दालनात जेवणाचे टेबल मांडून तिथे हवापालटाला राहू लागला. लखनौ १८५८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडल्यावर बडा इमामबाडा आणि त्याच्या आवारातली आसफी मशीद लष्कराने घेतली. पुढे पंचवीसेक वर्षे तिथे नमाज नव्हता. मशीद रिकामी होती खरी, पण ती रिकामी कुणी केली होती?

मला वाटते, प्रश्न पावित्र्याचा कमी आणि ‘रिकामे’ या शब्दाचा जास्त आहे. हा शब्द बहुधा ज्याला जागा हवी असते तोच उच्चारतो. इंग्लंडातल्या खेड्यात भाविक आपणहून उठून गेले आणि निदान विचारणा तरी झाली, म्हणून मी त्या घरमालकाला मेटकाफच्या पंगतीला बसवणार नाही. तरीही शेवटपर्यंत दर रविवारी येणाऱ्या चार म्हाताऱ्या तिथे असतातच. त्यांच्या हरकतीची नोंद होते, त्यांना सभ्य उत्तर जाते, आणि चर्च बंद होते. त्यांच्यापुरते ते कधीच रिकामे झालेले नव्हते. चार जणींसाठी छप्पर कुणी शाकारायचे, हा सवालही खोटा नाही. छप्पर कोसळू देण्यापेक्षा कुणी तिथे चूल पेटवली तर बरेच, असे मी म्हणेन. पण त्या चौघींसमोर म्हणताना माझा आवाज खाली येईल.

लखनौच्या रेसिडेन्सीत १८१० मध्ये बांधलेले सेंट मेरीज हे अँग्लिकन चर्च होते. १८५७ च्या वेढ्यात आतल्या इंग्रजांनी स्वतःच त्यात धान्य भरले. आपल्याच लोकांनी, आपल्याच पोटासाठी केलेले ते कोठार. त्याला कुणी भ्रष्ट म्हटले नाही. तोफांच्या माऱ्यात चर्च पडले. त्याच वर्षी शहराच्या दुसऱ्या टोकाला मार्टिनची कबरही फोडली गेली, हाडे विखुरली; नंतर ती गोळा करून पुन्हा पुरली. रेसिडेन्सीतल्या चर्चच्या जागी आज पाया आणि भिंतींचे थोडे अवशेष आहेत. भोवतीची थडगी मात्र जागच्या जागी आहेत, हेन्री लॉरेन्सचे धरून, आणि दुपारी त्यांच्या सावलीला कॉलेजातली मुले डबे उघडून बसतात.