मुक्या जीवाचा मोकळ्या जमिनीवरील हक्क

नगरातील जी जमीन सर्वांची म्हणून राखलेली असते, तिच्यावर पाऊल ठेवण्यासाठी मोल घ्यावे काय, हा प्रश्न वरवर पाहता मुलकी हिशेबाचा व अंदाजपत्रकाचा दिसतो. परंतु ते पाऊल जेव्हा माणसाचे नसून त्याच्या आश्रयाने राहणाऱ्या मुक्या प्राण्याचे असते, तेव्हा हा प्रश्न धर्मविचाराचा होतो आणि त्याचा निर्णय केवळ जमाखर्चाच्या आधारे करता येत नाही.

अमेरिकेतील अनेक नगरांत हा प्रश्न श्वानोद्यानांच्या निमित्ताने उभा राहिला आहे. रस्त्यावर आणि सामान्य उद्यानांत कुत्रा पट्ट्याला बांधूनच न्यावा, असा नियम तेथे बहुतेक ठिकाणी असल्यामुळे, त्याला मनसोक्त धावता यावे म्हणून कुंपण घातलेली, दुहेरी फाटकाची स्वतंत्र जागा राखण्याचा प्रघात पडला. 1979 साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे, भुयारी रेल्वेच्या कामासाठी मोकळ्या झालेल्या जमिनीवर सुरू झालेले ओलोनी उद्यान हे या प्रकारातील आद्य स्थान मानले जाते. पुढे अशा जागा वाढल्या आणि त्यांच्या निगराणीचा खर्चही वाढला. मिनिआपोलिसच्या उद्यान मंडळाने वार्षिक परवाना लावला आणि नगराबाहेरच्या रहिवाशासाठी त्याचा आकार अधिक ठेवला. शिकागोत लस टोचल्याची खात्री पशुवैद्याकडून करून घेऊन कुत्र्यासाठी बिल्ला विकत घ्यावा लागतो. आणि वॉशिंग्टन राज्यातील रेडमंड या गावी, जेथे संगणकाच्या व्यवसायानिमित्त मराठी कुटुंबेही स्थायिक झाली आहेत, तेथील मेरीमूर उद्यानाच्या नदीकाठच्या सुमारे 40 एकरांत कुत्र्याला धावू देण्याबद्दल काही न घेता, गाडी उभी करण्याबद्दल मात्र दीर्घकाळ 1 डॉलर घेतला जात असे.

शुल्काच्या बाजूने जे सांगितले जाते ते उपेक्षणीय नाही. कुंपण मोडते, गवत तुडवले जाऊन चिखल होतो, पाण्याची व विष्ठा उचलण्याची व्यवस्था करावी लागते. ज्याच्या घरी कुत्रा नाही, किंबहुना ज्याला कुत्र्याचे भय वाटते, त्याने आपल्या करातून हा भार का सोसावा, असा प्रश्न कोणी केला तर तो करणारा निर्दय आहे असे म्हणता येत नाही. शिवाय, ज्याने परवाना घेतला त्याचे नाव दप्तरी नोंदलेले असते, त्याच्या कुत्र्याला लस टोचलेली असते, आणि तो कोणाला चावलाच तर जाब कोणाला विचारावा हे ठाऊक असते. या युक्तिवादातील शेवटचा भाग मला पूर्णतः मान्य आहे, आणि पुढील विवेचनात मी त्याचाच आधार घेणार आहे. परंतु पहिल्या भागाला उत्तर आहे. ज्याला मूलबाळ नाही तोही शाळेसाठी कर देतो, आणि ज्याने जन्मात पुस्तक उघडले नाही त्याच्याही पैशातून ग्रंथालय चालते. कारण सार्वजनिक वस्तू ही उपभोगाच्या प्रमाणात वाटून घेण्याची वस्तू नसून, एकत्र राहण्याचे कर्तव्य म्हणून सर्वांनी मिळून धारण करण्याची वस्तू आहे.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मनुस्मृतीने माणसामाणसांत जे भेद केले ते आज सर्वथा त्याज्य आहेत. तथापि त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात गावाभोवती शंभर धनुष्ये रुंदीची आणि नगराभोवती तिच्या तिप्पट जमीन गुरांसाठी मोकळी राखावी असे सांगितले आहे, आणि त्या जमिनीत कोणी कुंपणावाचून पीक काढले व ते गुरांनी खाल्ले तर राजाने गुराख्याला दंड करू नये, असेही बजावले आहे. म्हणजे त्या जमिनीवर जनावराचा अधिकार आधी आणि माणसाच्या पिकाचा नंतर, असा हा क्रम होता. ही वहिवाट मोडून चराईवर दाम बसवला गेला तेव्हा काय झाले, याचा दाखला मुंबईच्या इतिहासात आहे. 1838 साली कंपनी सरकारने मैदानात गुरे चारण्यावर फी लावली आणि ती देण्याची ऐपत नसलेल्या गोरगरिबांची जनावरे उपाशी पडू लागली. तेव्हा सर जमशेटजी जिजीभाई यांनी स्वतःचे वीस हजार रुपये खर्चून ठाकुरद्वाराजवळ समुद्रकाठची कुरणे विकत घेतली आणि ती फीवाचून चराईला खुली केली, असे सांगतात. पुढे 1883 साली लिहून पुरा केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात महात्मा फुल्यांनी, जंगलखात्याने गायराने गिळल्यामुळे कुणब्याच्या जनावरांना चरायला जागा उरली नाही, अशी कळवळून तक्रार मांडली. पहिल्या प्रसंगी दाम मागितला गेला आणि दुसऱ्या प्रसंगी जमीन घेतली गेली ती माणसाकडून. परंतु दोन्हींचे फळ भोगले ते जनावराने, ज्याच्या हाती यांपैकी काहीच नव्हते.

येथेच या प्रश्नाचे धार्मिक मर्म आहे. महाभारताच्या आरंभी आणि अखेरीस एकेक कुत्रा येतो, आणि दोन्ही ठिकाणी वाद आहे तो त्याने एखाद्या जागी यावे की नाही, याचाच. आदिपर्वात जनमेजय राजाच्या यज्ञसत्रात सरमा नावाच्या कुत्रीचे पिल्लू येते. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नाही, त्याकडे पाहिलेलेही नाही, तरीही राजाचे भाऊ त्याला मारतात, आणि त्याच्या आईचा शाप त्या सम्राटाला भयभीत करून सोडतो. महाप्रस्थानिकपर्वात इंद्र युधिष्ठिराला रथात बसण्यास सांगतो, पण कुत्रा बाळगणाऱ्याला स्वर्गात स्थान नाही, तेव्हा याला येथेच सोड, अशी अट घालतो; आणि ज्याने राज्य, बंधू व पत्नी गमावली तो राजा, आश्रयाला आलेल्याचा त्याग हे ब्रह्महत्येच्या तोडीचे पातक आहे असे म्हणून, स्वर्गाचे द्वारच नाकारतो. तो कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म, हे त्याला त्या क्षणी ठाऊक नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्याने कुत्र्याची पात्रता तपासली नाही, त्याच्यापासून झालेल्या लाभाचा हिशेब मांडला नाही; हा जीव माझ्या भरवशावर इथवर आला आहे, एवढीच गोष्ट त्याला निर्णायक वाटली.

तो भरवसा आपणच निर्माण केला आहे. हजारो वर्षांच्या सहवासात आणि निपजीत माणसाने कुत्र्याला आपल्या राखणीसाठी, शिकारीसाठी व सोबतीसाठी घडवले, आणि नंतर नगरे वसवून त्याच नगरांचे सर्व रस्ते त्याला बांधल्यावाचून बंद केले. हे बंधन अन्याय्य आहे असे मी म्हणत नाही. मुलांच्या, वृद्धांच्या आणि खुद्द कुत्र्याच्याही सुरक्षिततेसाठी ते अवश्य आहे. परंतु ज्याची सारी भूमी आपण आपल्या सोयीसाठी काढून घेतली, त्याला एका कोपऱ्यात तासभर मोकळे धावू देणे ही मेहेरबानी नव्हे, ती आंशिक परतफेड आहे. आपल्या परंपरेने गृहस्थावर जे पंचमहायज्ञ नेमून दिले त्यांत भूतयज्ञ, म्हणजे प्राणिमात्रांना अन्नाचा बली देणे, आहे, आणि त्या बलीत कुत्र्याचाही वाटा सांगितलेला आहे; तो दान म्हणून नव्हे, नित्याचे देणे म्हणून. ऋणकोने देणे फेडताना धनकोकडूनच दारात यायचे पैसे मागावेत, तसा प्रकार श्वानोद्यानाच्या फाटकावर प्रवेशशुल्क घेण्याने होतो.

याचा अर्थ कुत्रा बाळगणाऱ्यावर कोणताही भार असू नये, असा मात्र नाही. कुत्रा पाळणे हा माणसाचा स्वेच्छेचा निर्णय आहे, आणि त्या निर्णयाची जबाबदारी त्याच्या घरी, त्याच्या नावावर, वर्षातून एकदा नोंदली जाणे न्याय्य आहे. जर्मनीतील नगरपालिका कुत्रा बाळगण्यावर वार्षिक कर घेतात, आणि अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांना बहुधा त्यातून सूट असते. अशा नोंदणीचा परवाना लसीशी जोडलेला असावा, तो स्वस्त असावा, आणि ज्याची ऐपत नाही त्याला तो विनामूल्य मिळावा. परवाना आणि प्रवेशशुल्क यांतील भेद केवळ वसुलीच्या सोयीचा नाही. परवाना चुकवला तर पालिका मालकाला गाठते; प्रवेशशुल्क देता आले नाही तर मालक घरी परततो आणि दोरीला बांधलेला राहतो तो कुत्रा. एकट्या वृद्धेला पेन्शनीतून कुत्र्याचे खाणे भागवता येते, पण रोजच्या फेरीचे पैसे भागवता येत नाहीत, अशी स्थिती असेल तर तो नियम कितीही समान दिसला तरी समदृष्टीचा नव्हे.

उरला निगराणीचा प्रश्न. त्याला पैशाइतकेच श्रमाचेही उत्तर आहे. मेरीमूरच्या मैदानाची देखभाल करण्यात कुत्रा बाळगणाऱ्यांची स्वयंसेवी संस्था हातभार लावते. ज्याने आपल्या कुत्र्यामागची घाण स्वतः उचलली आणि महिन्यातून एक सकाळ कुंपण दुरुस्तीला दिली, त्याने त्या भूमीशी जे नाते जोडले ते पावती फाडून जुळत नाही. पैसे देणारा स्वतःला गिऱ्हाईक समजू लागतो, आणि गिऱ्हाइकाला सेवा मागण्याचा हक्क वाटतो, राखण्याचे कर्तव्य वाटत नाही. सार्वजनिक जागेची खरी हानी तुडवलेल्या गवताने होत नाही, ती या मनोवृत्तीने होते.

आपल्या देशातही, हैदराबादच्या कोंडापुरात 2018 साली, जेथे पूर्वी कचरा टाकला जाई त्या जमिनीवर, महानगरपालिकेने श्वानोद्यान उभारले. महाराष्ट्रातील नगरांतही पाळीव कुत्र्यांची संख्या आणि मोकळ्या जागेची टंचाई पाहता हा विषय आज ना उद्या प्रत्येक सभागृहात येणार. तेव्हा निर्णय करणाऱ्यांस माझी विनंती एवढीच की, परवान्याचे पैसे जरूर घ्यावेत, लस सक्तीची करावी, घाण करून जाणाऱ्याकडून दंड कसोशीने वसूल करावा. परंतु ज्या जमिनीवर मुक्या जीवाचे आपण देणे लागतो, तिच्या फाटकावर पावतीपुस्तक ठेवू नये.