बांधाकडच्या दोन ओळी

टोमॅटो मंडईत किलोवर मिळतात, गच्चीवर मात्र ते नगावर मोजतात. बारामतीतल्या नानांच्या गच्चीवर चैत्रात एकतीस टोमॅटो धरले होते, त्यांतले नऊ पाखरांनी फोडले. हा हिशेब मला पाठ आहे, कारण नाना तो भेटेल त्याला ऐकवत होते. बँकेत रोखपाल म्हणून उभी हयात गेलेली. रोकड कमी भरल्यासारखा चेहरा करून सांगायचे.

भिगवण रस्त्याच्या बाजूला आमची गच्चीवर भाजी लावणारी सात-आठ घरं आहेत. रविवारी सकाळी कुणाच्या तरी गच्चीवर चहा होतो आणि अक्कल फुकट वाटली जाते. त्या रविवारी विषय पाखरांचाच. एकानं जुन्या सीड्या टांगायला सांगितलं, ऊन चमकलं की पाखरं बिचकतात. दुसऱ्यानं कॅसेटची फीत ताणून बांधायला सांगितली, वाऱ्यानं ती गुणगुणते. मी रबरी साप सुचवला. माझ्या गच्चीवरच्या त्याच सापावर तिसऱ्या दिवशी साळुंकी बसलेली मी पाहिली होती, पण ते तिथं बोललो नाही.

नानांनी तिन्ही उपाय केले. चार दिवस बरे गेले, मग बुलबुल सीडीत तोंड बघायला लागले. शेवटी नानांनी इंदापूरकडच्या एका द्राक्षबागायतदाराकडून उरलेली नायलॉनची जाळी आणली आणि या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत गच्ची झाकून टाकली. जाळी झाडांच्या अंगावरच सोडलेली, कडेला विटा. "आता येऊन दाखवा म्हणावं," असं म्हणून ते खाली उतरले.

त्याच आठवड्यात आक्का आल्या. नानांची थोरली बहीण. गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याकाठी. मोतीबिंदू काढला होता म्हणून महिनाभर भावाकडे. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलं होतं. ते त्यांनी दोन दिवस ऐकलं.

आक्कांचं मूळचं रान भीमेकाठचं, काळंभोर, रब्बी ज्वारीचं. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं आणि ते रान पाण्याखाली गेलं. आता त्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित उतरतात, आणि पुण्या-मुंबईची माणसं होडीचं भाडं भरून पाखरं बघायला येतात. याच मातीत आक्का लहानपणी माळ्यावर उभ्या राहून गोफणीनं पाखरं हाकत होत्या. ज्वारी हुरड्यात आली की दिवस उजाडायच्या आत माळ्यावर चढायचं, कारण भोरड्या उन्हं वर यायची वाट बघत नाहीत.

भोरड्या म्हणजे गुलाबी मैना. मध्य आशियातून थव्यांनी येतात आणि ढग खाली यावा तशा रानावर उतरतात. गंमत अशी, की चीनच्या शिनच्यांग प्रांतात याच भोरड्यांसाठी माणसं १९८० च्या दशकापासून दगडांची घरटी रचून देत आली आहेत, कारण तिथं त्या टोळ फस्त करतात. इकडं त्यांच्यावर गोफण, तिकडं घरकुल. पाखरू एकच.

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का गच्चीवर गेल्या त्या फडफड ऐकून. जाळीच्या एका घडीत लालबुड्या बुलबुल अडकला होता. पायाला दोऱ्याचे तीन वेढे, पंखाखाली एक, आणि जितकं ओढावं तितकं ते आवळत होतं. आक्कांनी पाखरावर पदर टाकला, ते अंधारात गप्प झालं, आणि मग कात्री मागितली.

"अगं आक्का, जाळी नको कापू! सोडवता येईल की," नाना जिन्यातूनच ओरडले.

"तुझ्या हिशेबाच्या वहीत जीव लिहायला रकाना हाय का रं?" असं म्हणत त्यांनी हातभर जाळी कापली. बुलबुल समोरच्या जास्वंदीवर जाऊन बसला. तिथं त्याची जोडीदारीण होती आणि घरट्यात दोन उघड्या चोची.

मग आक्का टोमॅटोकडे वळल्या. एक फळ तोडून त्यांनी देठाजवळचं बारीक भोक दाखवलं आणि फळ बोटांनी उकललं. आत हिरवी अळी, मागं तिची ओली घाण. दुसऱ्या फळात तेच. जाळीनं पाखरं अडली होती, रात्रीचे पतंग नाहीत. त्यांनी निवांत अंडी घातली आणि अळ्या टिपायला कुणी आलं नाही. नानांनी मोजलं, चौदा. पाखरांचे नऊ, अळीचे चौदा. नाना कठड्यावर बसून राहिले.

"पाखरू टोमॅटोला का चोच मारतंय, ठावं हाय?" आक्कांनी विचारलं. "तहानलंय त्ये. या उन्हात तुझ्या गच्चीवर पाण्याची एक वाटी न्हाई."

"मग तुम्ही गोफण कशाला फिरवायचा?" नानांनी खोचून विचारलं.

"फिरवायची तर! राखण न्हाई केली तर खायचं काय? पर बांधाकडच्या दोन वळींवर गोफण उचलायची न्हाई, असं दादांनी बजावलेलं. म्हणायचे, कणसं यायच्या आधी अळ्या कुणी येचल्या? त्यास्नी काय देशील?"

त्या दिवशी जाळी निघाली. नानांनी बांबूची चौकट केली आणि फक्त पिकायला आलेल्या झाडांवर जाळी अशी ताणून बसवली, की बोट मारलं तर टणकन वाजावी आणि पानाला कुठं टेकू नये. तोडा झाला की ती काढून ठेवायची. रोज सकाळी तिच्यावरून एकदा नजर फिरवायची. पेरूला लिंबाएवढी फळं आल्यावर जुन्या धोतराच्या पिशव्या बांधल्या, शेंड्याची फळं मात्र उघडी ठेवली. सीड्या राहिल्या, पण दर दोन दिवसांनी जागा बदलून. आक्का म्हणाल्या, एका जागी उभं राहिलेलं बुजगावणं पाखरांच्या घरचंच होतं. मातीचं एक पसरट भांडं टोमॅटोपासून लांब, सावलीत ठेवलं.

रविवारच्या चहाला नानांनी हे सगळं आम्हाला सांगितलं. मी माझ्या सापाची गोष्ट तेव्हा कबूल केली.

ज्येष्ठात आक्का गावी गेल्या. पाण्याचं भांडं आता नाना दिवसातून दोनदा भरतात. पुढच्या तोड्याला सव्वीस टोमॅटो निघाले, अळीचे दोन, पाखरांनी फोडलेले चार. वही मी स्वतः पाहिली आहे. अळीचे दोन 'नुकसान' या रकान्यात आहेत. पाखरांचे चार नानांनी 'मजुरी'त टाकले आहेत.